न दिलेलं

गेल्या दिवाळीत नात पुण्याहून आली. फराळाचे डबे भरून परत न्यायचे म्हणून ती नेहमी अर्धी रिकामी पिशवी आणते. या खेपेला पिशवीतून कायद्याचं एक जाडजूड पुस्तक निघालं. ती डिझाइनच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, कापडावरची नक्षी हा तिचा विषय. चित्रं काढणाऱ्या पोरीला वकिलाचं पुस्तक कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "या वर्षी पेपर आहे आज्जी. आपलं काम कायद्यानं कसं सांभाळायचं ते शिकवतात." मग चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "पेपर नसता तरी वाचलं असतं."

हकीगत अशी होती. उन्हाळ्यात तिनं चादरी-पडद्यांच्या एका कंपनीत दोन महिने उमेदवारी केली. जाण्यायेण्याचा खर्च तेवढा मिळायचा. तिथं तिनं कमळाची एक नक्षी काढली होती. चार-पाच महिन्यांनी मैत्रिणीबरोबर एका मोठ्या दुकानात गेली, तर तीच नक्षी चादरीवर छापून विकायला ठेवलेली. कोणी कळवलं नव्हतं, पैसे दिले नव्हते, कुठं नाव नव्हतं. तिनं फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुम्ही सही केलेल्या पत्राचं तिसरं पान वाचा." त्या पानावर लिहिलं होतं की उमेदवारीच्या काळात केलेलं सगळं काम कंपनीच्या मालकीचं. सही हिचीच. पान मात्र हिनं वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस्तीतून दर्शन घेऊन आले तर ही दारातच बसलेली. म्हणाली, "आज्जी, आपल्यात चोरी कशाला म्हणतात?"

मी लहानपणी पाठशाळेत शिकलेलं उत्तर दिलं. परक्याची वस्तू कुठं ठेवलेली असो, पडलेली असो, विसरून राहिलेली असो, ती स्वतः घ्यायची नाही आणि उचलून दुसऱ्यालाही द्यायची नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे छत्रीचं झालं, पाकिटाचं झालं. माझी नक्षी त्यांनी घेतली तरी माझ्या वहीत ती आहेच की. मग त्यांनी नेमकं नेलं काय?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे, आणि त्यात मला माझ्याच घरातली एक जुनी गोष्ट उघडावी लागणार आहे.

आधी कायदा. चार दिवस रोज दुपारी ती वाचायची आणि मला समजावून सांगायची. दुसऱ्याला शिकवलं की पाठ होतं म्हणे. मला वाटलं होतं तितका हा विषय रुक्ष नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र कागदावर उतरलं की त्याच क्षणी त्यावर काढणाऱ्याचा हक्क उभा राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क काढणाऱ्याच्या आयुष्यभर आणि त्याच्या पश्चात साठ वर्षं टिकतो. पण तो कल्पनेवर नसतो, कल्पना ज्या रूपात उतरली त्या रूपावर असतो. आर. जी. आनंद नावाच्या नाटककारांनी 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला असा दावा केला होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर निकाल देताना हाच फरक सांगितला. विषय कोणाच्या मालकीचा नसतो, मांडणी असते. नाटककार हरले.

नात म्हणाली, "म्हणजे कमळ कुणाचंच नाही. मी काढलेलं कमळ माझं."

पण कापडावर उतरणाऱ्या नक्षीची वाट वेगळी आहे. जी नक्षी कारखान्यात मालावर काढायची, तिच्यासाठी २००० सालचा डिझाइन्स कायदा आहे. तिथं नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली तर दहा वर्षं, वाढवून घेतली तर आणखी पाच. अट अशी की नक्षी नवी हवी आणि नोंदणीच्या आधी जगापुढं आलेली नसावी. नोंदणी केली नाही आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं कारखान्यात पन्नासाहून जास्त नग निघाले, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइटही संपतो. रितू कुमार यांच्या कंपनीनं दुसऱ्या एका कंपनीविरुद्ध केलेला दावा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमावर पडला. पन्नास हा आकडा ऐकून मला गंमत वाटली. पन्नास चादरींपर्यंत कला आणि एक्कावन्नाव्या चादरीपासून माल! नातीला गंमत वाटली नाही. तिच्या चादरी दुकानादुकानांत गेल्या होत्या.

एक कलम मात्र तिनं पुस्तकात कोपरा दुमडून ठेवलं होतं. कॉपीराइट दुसऱ्याला लिहून दिला तरी ती कृती आपली आहे असं सांगण्याचा आणि तिची नासधूस झाली तर दाद मागण्याचा कर्त्याचा हक्क उरतो, असं त्यात म्हटलंय. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या भिंतीवर कांस्याचं मोठं भित्तिशिल्प घडवलं होतं. सरकारनं पैसे देऊन करवून घेतलेलं, म्हणजे मालक सरकारच. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं गेलं, तुटलं, काही भाग हरवले. सहगल कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. विकलं तरी काहीतरी विकलं जात नाही, हे कायद्यालाही मान्य आहे तर!

"पण मी तर सही केली," नात म्हणाली. "म्हणजे मी दिलं. न वाचता दिलं, पण दिलंच."

तिच्या तोंडून 'दिलं' हा शब्द आला आणि मला अडखळायला झालं. शास्त्रात चोरीची व्याख्या याच एका शब्दावर उभी आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरी म्हणजे अदत्तादान, जे दिलेलं नाही ते घेणं. त्यात वस्तू हा शब्दच नाही. मी नातीला पाठशाळेचं उत्तर दिलं तेव्हा वस्तूवर बोट ठेवलं होतं. शास्त्राचं बोट देण्यावर आहे. आणि देणं म्हणजे काय हे मला कोणत्या दिवशी कळायला हवं होतं, ते मला नीट आठवतं.

बेळगावात, शहापुरात आमचं लुगड्यांचं दुकान होतं. आण्णा विणकरांना सूत आणि रेशीम द्यायचे, लुगडं विणून आलं की मजुरी मोजून द्यायचे. त्यांच्या सचोटीबद्दल आजही जुनी माणसं बोलतात. कुणाची विसरलेली छत्री आमच्या दुकानात दोन वर्षं खिळ्याला लटकत होती, पावसात कुणी मागितली तरी द्यायचे नाहीत. गज मोजताना हात कधी आखडला नाही. संध्याकाळचं सामायिक कधी चुकलं नाही.

१९६७ च्या सुमाराची गोष्ट. मी बारा वर्षांची असेन. वडगावचे एक विणकर आमच्यासाठी विणायचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. एकदा त्यांनी आणलेल्या लुगड्याला वेगळाच काठ होता. गोमीचा काठ सगळेच विणत. यांनी गोमीच्या दोन ओळींच्या मधे चाफ्याच्या कळीसारखी एक तिरकी नक्षी सोडली होती. लांबून पाहिलं की काठ चालतोय असं वाटायचं. ते लुगडं दुकानात घडी मोडायच्या आत गेलं. बायका तोच काठ मागायला लागल्या. मामांनी आणखी आणली, तीही गेली. मग त्यांनी लुगड्यामागं दोन रुपये मजुरी वाढवून मागितली. त्या काठाला वेळ जास्त लागतो, म्हणाले.

आण्णा नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. त्यांनी त्यातलं एक लुगडं दुसऱ्या विणकराकडं पाठवलं आणि असाच काठ काढ म्हणून सांगितलं. जुन्या मजुरीत. त्या हिवाळ्यात तीन मागांवर तो काठ चालू झाला.

मामा एक दिवस दुकानाच्या पायरीशी आले. वर चढले नाहीत. म्हणाले, "सावकार, त्यो काठ माझा हाय."

आण्णा रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "काठ कुणाचा असतोय का रे? काठ लुगड्याचा."

मामांनी वाद घातला नाही. सूत उचललं आणि गेले. पुढं बारा वर्षं ते आमच्याकडंच विणत राहिले. त्या बारा वर्षांत काय झालं नाही, ते आक्काच्या लक्षात आलं होतं. आण्णा गेल्यानंतर एकदा ट्रंकेतली लुगडी उन्हाला घालताना माझ्या आईनं, आक्कानं, तो काठ हातात धरला आणि म्हणाली, "ह्यानंतर त्यांनी नवा काठ काढला नाही बघ. जे सांगू ते विणून दिलं."

नातीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला इथं मिळालं. नेलं काय? काठ मामांकडं राहिलाच होता, बोटांत होता. गेले ते लुगड्यामागचे दोन रुपये, आणि त्याहून मोठं म्हणजे पुढचे सगळे काठ. जे अजून कुणी पाहिले नव्हते ते चोरीला गेले. माणूस नवं काही काढतो ते कुणीतरी त्याला 'हे तुझं' म्हणेल या भरवशावर. तो भरवसा एकदा उचलला गेला की हात चालत राहतात, पण डोकं त्यांच्या मागं जात नाही.

त्या काळीही डिझाइनचा कायदा होता, १९११ सालचा. वडगावच्या मागावर बसलेल्या माणसानं कलकत्त्याला नोंदणी करायला कसं जावं? कायद्यापुढं आण्णा निर्दोष होते. मग व्रतापुढं?

मी कपाटातून सर्वार्थसिद्धी काढली. तत्त्वार्थसूत्रावरची ही पूज्यपादांची टीका, दीड हजार वर्षांच्या आसपास जुनी. चोरीच्या सूत्राखाली त्यांनी स्वतःच एक शंका उभी केली आहे. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, तर मुनी गावात येतात तेव्हा गल्लीतून चालतात, वेशीतून आत येतात, ते तरी त्यांना कुणी दिलेलं असतं का? ही चोरी का नाही? त्यांचं उत्तर असं की गल्ली आणि वेस सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली असते. म्हणूनच मुनी बंद दार ढकलून कुणाच्या घरात शिरत नाहीत.

हे वाचून दाखवलं तर नात ताडकन उठून बसली. "आज्जी, हे तर आमच्या पेपरात आहे! सार्वजनिक काय आणि खासगी काय!" खरं होतं ते. दिवाळीत दारोदारी काढलेली ठिपक्यांची रांगोळी ही गल्ली आहे. गोमीचा काठ ही गल्ली आहे. आपला तांब्या ही गल्ली आहे. अमेरिकेहून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या नवरा-बायकोनं १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यावरून पुढं अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्या अहवालात त्यांनी भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत तांब्याला पहिला मान दिला. त्याचा आकार कुणा एकानं ठरवलेला नाही, पिढ्यांनी ठरवला, असं त्यांचं म्हणणं. त्या गल्लीतून कुणीही चालावं, तिथं कुणी परवानगी मागायची नाही आणि कुणी फाटकही घालायचं नाही. गोमीच्या ओळींमधली ती तिरकी कळी मात्र मामांचं दार होतं. आण्णा त्या दारातून न विचारता आत गेले, आणि वर म्हणाले की ही गल्ली आहे.

व्रताचे अतिचार म्हणून जे पाच दोष सांगितलेत, ते पाहा. स्वतः न चोरता दुसऱ्याकडून चोरी करवणं. चोरून आणलेला माल घेणं. राज्याचे नियम मोडून व्यापार करणं. मापात-वजनात कमी-जास्त करणं. आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलासारखा दिसणारा नकली माल चालवणं. पाचही दोष दुकानदाराचे आहेत. रात्री भिंत फोडणाऱ्याला हे व्रत सांगायचं नसतं, गादीवर बसणाऱ्याला सांगायचं असतं. आण्णांनी तिसरा आणि चौथा दोष जन्मभर कटाक्षानं टाळला. पहिला आपल्याकडून घडला हे त्यांना दिसलंच नाही, कारण नक्षीला वजन नसतं, ती तागडीत येत नाही. द्वेष नव्हता, लोभही फार नव्हता. होता तो प्रमाद, बेफिकिरी. शास्त्र सगळ्या दोषांच्या मुळाशी तोच पाहतं.

इथपर्यंत आल्यावर नातीनं मला दुसऱ्या बाजूनं धरलं. "म्हणजे नक्कल करणं पापच. मग आपल्या बस्तीत ती ताडपत्रांची पूजा कशाला करता? ती काय नकलाच आहेत ना?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडं ग्रंथाची नक्कल करून देणं हे पुण्य, त्याला शास्त्रदान म्हणतात. दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. गदगजवळ लक्कुंडीला तिनं बांधवलेली बस्ती आजही उभी आहे. एका बाईनं हजार नकला केल्या, आणि आपण तिला दानचिंतामणी म्हणतो.

त्याहून अवघड गोष्ट मिरजेच्या गजपती शास्त्रींची. धवला हा महान टीकाग्रंथ शतकानुशतकं एका मूडबिद्रीत ताडपत्रांवर कुलपात होता. लोक लांबून दर्शन घ्यायचे, वाचायला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठ्या मिनतवारीनं प्रत करायला परवानगी मिळाली, पण ती प्रतही तिथंच ठेवायची होती. प्रत करायला बसलेल्या गजपती शास्त्रींनी घरी गुपचूप दुसरी प्रत लिहिली, आणि त्यात त्यांची पत्नी लक्ष्मीबाई बरोबरीनं लिहीत होती. ती प्रत सहारनपूरला गेली, तिच्या पुढं प्रती झाल्या, आणि १९३९ पासून हिरालाल जैन यांनी अमरावतीहून तो ग्रंथ छापायला काढला. आज माझ्यासारखी बाई घरी बसून धवला उघडू शकते ती लक्ष्मीबाईंच्या त्या चोरट्या अक्षरांमुळं. हे अदत्तादान की शास्त्रदान?

मी यावर रात्री बराच वेळ विचार केला. गोड उत्तर नाही. दार बंद होतं आणि ते न विचारता उघडलं गेलं, तेवढा दोष आहेच, तो पुसता येत नाही. पण शास्त्र दुसराही एक दोष सांगतं. देण्याजोगं ज्ञान असून ते न देणं हे मात्सर्य, आणि त्यानं ज्ञानावर आवरण येतं. त्याच्याच शेजारी निन्हव हा दोष आहे. आपण कुणाकडून शिकलो ते लपवणं म्हणजे निन्हव. लक्ष्मीबाईंनी प्रत केली, पण वीरसेनाचार्यांचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं नाही. अत्तिमब्बेच्या हजार प्रतींवर पोन्न पोन्नच राहिला. त्यांच्या नकलेनं कर्त्याचं नाव हजारपट झालं. कंपनीच्या चादरींनी नातीचं नाव हजार वेळा गाळलं. शाई दोन्हीकडं सारखीच. एकीकडं कर्ता वाढतो, दुसरीकडं तो पुसला जातो.

मग मालकीचं काय? आम्ही अपरिग्रह मानणारे लोक. नक्षीवर 'माझी' म्हणून पाटी लावणं हाही परिग्रहच नाही का? मला आधी वाटायचं, हो. आता वाटतं की गृहस्थाला सगळं सोडायला सांगितलेलंच नाही. त्याला परिमाण करायला सांगितलंय. एवढं ठेवीन, याच्या पलीकडं नाही. कायद्यानं नेमकं तेच केलंय, आणि तेही धर्माचं नाव न घेता. पंधरा वर्षं तुझी, मग गल्लीची. मरणानंतर साठ वर्षं वारसांचं, मग सगळ्यांचं. भाकरी मिळेपर्यंत धरून ठेव, मग मूठ उघड. ज्याची मूठ कधी उघडतच नाही तो मात्सर्यात गेला, आणि जो दुसऱ्याची मूठ आधीच उघडून घेतो तो चोरीत गेला.

हे सगळं एकट्या माणसाचं झालं. पिढ्यांच्या गल्लीचंही रक्षण करायचं असतं, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना परवाच जगानं दाखवलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात कोल्हापूर आहे तसं आमचं बेळगावही आहे. ज्या दोन राज्यांचं सीमेवरून कोर्टात चाललंय, त्यांची सरकारी चर्मोद्योग महामंडळं इथं एका नोंदीत शेजारी बसली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं तशीच चप्पल दाखवली, नाव न घेता. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतातली आहे असं त्यांनी पत्रानं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती फेटाळली गेली. नोंद ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं, असं म्हणणं पडलं.

आमच्या घरात चामडं वर्ज्य आहे. माझ्या पायात कधी कोल्हापुरी चढली नाही आणि चढणारही नाही. तरी ती बातमी वाचताना मला अथणीचे, निपाणीचे कारागीर आठवले आणि वाईट वाटलं. एखाद्याचा धंदा मला आपला वाटत नसेल, त्याच्या हातची वस्तू माझ्या व्रतात बसत नसेल, पण त्याचं नाव त्याला मिळावं हे माझ्या व्रतात बसतंच. अचौर्य फक्त आपल्याला आवडणाऱ्या लोकांपुरतं नसतं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नातीनं कंपनीला लिहिलेलं पत्र मला वाचून दाखवलं. पैसे मागितले नव्हते. नक्षी मी काढली आहे, माहितीपत्रकात माझं नाव छापावं, एवढंच. कायद्याच्या तिच्या दुमडलेल्या कलमाचा उल्लेख होता. एक्कावन्न चादरींनंतर ते कलम किती टिकेल याची तिलाच खात्री नव्हती. पत्र चांगलं होतं. मी सहज विचारलं, "नक्षी मुळात सुचली कशी गं?"

ती गप्प झाली. मग आत जाऊन पिशवीतून एक वही घेऊन आली. आक्काची रांगोळीची वही! निळ्या शाईचे ठिपके, तेलकट झालेल्या कडा. मागच्या सुट्टीत तिनं ती कपाटातून नेली होती. त्यात मधल्या पानावर एक कमळ, पाकळीत पाकळी. खाली आक्काच्या अक्षरात, 'किल्ल्यातली बस्ती, छत.' बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीचं ते छत. १२०४ साली रट्टांच्या मंत्र्यानं, बिच्चिराजानं, ती बस्ती बांधली. बांधणाऱ्याचं नाव सगळे सांगतात. ते कमळ कुणी कोरलं हे कुणी सांगत नाही.

"पणजीचंच आहे ना, म्हणजे आपलंच," ती म्हणाली. पण आवाज लहान झाला होता. जरा वेळानं म्हणाली, "मी पण विचारलं नाही. कॉलेजात दाखवलं तेव्हा पणजीचं नाव सांगितलं नाही. स्वतः सुचल्यासारखं सांगितलं."

मी रागावले नाही. आण्णांवर मी इतकी वर्षं मनातल्या मनात रागावले होते, त्यातून काही निघालं नाही. छत ही गल्ली आहे, तिथं आठशे वर्षं सगळ्यांना वर बघायची मुभा आहे. आक्कानं दगड ठिपक्यांत बसवला, ते आक्काचं. नातीनं ठिपके कापडासाठी मोडून नवे रंग भरले, ते तिचं. कुणाचंही काम दुसऱ्यामुळं खोटं होत नाही. फक्त प्रत्येकानं आपल्या मागच्या माणसाकडं बोट दाखवायचं. पत्रात तिनं स्वतःच एक ओळ वाढवली, मूळ रांगोळी माझ्या पणजीची, आधार कमलबस्तीचं छत. म्हणाली, "आता माझं म्हणून सांगायला कमी उरलं." मी म्हटलं, "कमी असेल, पण जे उरलं ते तुझंच. ते कुणी हलवू शकत नाही."

कंपनीचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. तिसरं पान पुन्हा दाखवलं होतं. नाव छापायला नम्रपणे नकार. नात आता दुसऱ्या एका ठिकाणी काम करायला जाणार आहे. पत्र चार दिवस जवळ ठेवून, दोन ओळी बदलून घेऊन मगच सही केली.

माझं काम राहिलं होतं. पाडव्यानंतर मी तिला घेऊन वडगावला गेले. मामा जाऊन वीस वर्षं झाली. माग कधीच विकले, त्या जागी आता मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मी ट्रंकेतलं ते लुगडं नेलं होतं. त्याच्यापुढं काठ धरला आणि सांगितलं की हा तुमच्या वडलांचा, आमच्या आण्णांनी न विचारता दुसऱ्यांकडून विणवला, आणि त्याबद्दल आमच्या घरातून कुणीतरी येऊन बोलायला हवं होतं.

त्यानं चष्मा वर करून काठ बघितला. म्हणाला, "आक्का, आता काय उपयोग हाय ह्याचा?" मग बराच वेळ बोट त्या तिरक्या कळीवरून फिरवत राहिला. "घरात आम्ही ह्या काठाला नाव ठेवलं होतं," म्हणाला, आणि ते नाव त्यानं आम्हाला सांगितलं. दुकानात आम्ही त्याला नुसतं 'नवा काठ' म्हणायचो. त्याला नाव असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

लुगडं मी त्याच्याकडं ठेवून आले. निघताना विचारलं, मी यावर लिहिणार आहे, वडलांचं नाव आणि काठाचं नाव छापू का? तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "वडलांचं नाव पेपरात नको. काठाचं पण नको. ते आमच्या घरातलं हाय."

म्हणून दोन्ही नावं इथं दिलेली नाहीत.